नारूला जात कशी कळली?

अन्याय झाला तो आम्हा तिघांवर. मी रूथ साळवे, नामदेव खरात आणि शांता पगारे. झाला तो एकाहत्तर सालच्या अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, जामखेड तालुक्यातल्या एका गावात, पाणी पिताना. आम्हाला तो वर्षानं कळला. आधी पायाला कळला, डोक्याला नंतर.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा उजवा पाय दिव्याखाली धरला. पोटरी कुठे संपते आणि घोटा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं, एवढी सूज. त्या म्हणाल्या, "ड्रॅकन्क्युलिॲसिस." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "नारू गं. आणि तो आत तुटलाय."

मला वाटलं आता रडू येईल. नाही आलं. मी विचारलं, "रविवारी नाचता येईल का?" त्यांनी पाय अलगद खाली ठेवला. सिस्टरला म्हणाल्या, "हिला खाट द्या."

ज्यांच्या गावात हा रोग नाही त्यांच्यासाठी सांगते. नारू हा जंत आहे. दोऱ्यासारखा बारीक, हातभर लांब. ज्याच्या पायात तो आहे असा माणूस पायऱ्यांच्या विहिरीत, म्हणजे बारवेत, पाणी भरायला उतरला की जंताची पिल्लं पाण्यात पडतात. तिथल्या बारीक किड्यांच्या पोटात ती जातात आणि किड्यांसकट पाणी आपण पितो. पुढे वर्षभर काही कळत नाही. मग एक दिवस अंगाला खाज सुटते, पायावर फोड येतो आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की पांढरं टोक दिसतं. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, अलगद बाहेर घ्यायचं. आठवडेच्या आठवडे जातात. ओढायचं नाही. तुटला तर आत पू होतो आणि सांधा धरतो.

माझ्या आईनं केरसुणीच्या काडीला तो नीट गुंडाळला होता. वर पट्टी बांधली होती. "उड्या मारू नको गं बाई, तुटंल," एवढं बजावून ती मजुरीला गेली. मी तालमीला गेले.

तालीम गोफाची होती. वर कडीला रंगीत दोऱ्या बांधायच्या, प्रत्येकानं एका हातात आपली दोरी आणि दुसऱ्या हातात टिपरी धरायची, आणि गाण्याच्या ठेक्यावर एकमेकांच्या आतून बाहेरून नाचत जायचं. वर वेणी पडत जाते. मग उलटं नाचून ती सोडवायची. मिशनच्या शाळेत आमच्या ड्रिलच्या बाईंनी मला हे शिकवलं. त्या ओरडायच्या, "वर काय बघतेस? वर देव नाही, दोरी आहे. पुढचीच्या पाठीकडे बघ!" पुढे मी युवकांच्या कलापथकात आले. पत्रकं लिहिली, गावोगाव वाटली, रात्री गोफात पुढे नाचले. नव्या पोरींना पावलं मीच शिकवायची. पण नाच बसवायचा तो पथकाचे प्रमुख प्रभाकरभाऊ यांनी. कोपरगावकडचे, उसाच्या घरातले. आवाज खडा, भाषण त्याहून खडं. रविवारी नगरला स्पर्धा होती. प्रभाकरभाऊ म्हणाले, "पट्टी घट्ट बांध, पुढची जागा तुझीच." मी नाचले. तिसऱ्या उडीला पायात काहीतरी तट्‌कन झालं.

दवाखान्यात घोट्याला चीर दिली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मग पेनिसिलिनची सुरू झाली. 'ॲबसेस' म्हणजे पुवाचा साठा, हा शब्द तिथं शिकले. ड्रेसिंगच्या वेळी शेजारची बाई माझा हात धरायची. मी तिला म्हणायचे, "राहू द्या मावशी, मला काही वाटत नाही." खोटं नव्हतं. दुखत होतं, पण कुणा तिसऱ्याचं दुखतंय असं. रविवार आला आणि गेला. खिडकीबाहेर कुणीतरी अंथरुणं वाळत घातली होती. ती मी बघत बसले.

मग नामदेव आला. आमचा ढोलकीवाला. मला भेटायला नाही, स्वतःचा गुडघा दाखवायला. काडी बांधलेली. म्हणाला, "शांतीच्या बी पायाला फोड आलाय. आपल्या तिघांवरच लई जीव जडला बघ नारूचा. जात इचारून आत शिरला जनू."

मी हसले. मग हसू थांबलं. डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मागच्या उन्हाळ्यात तिघांनी मिळून कुठं पाणी प्यायलात? पायऱ्यांची विहीर होती?"

होती. जामखेडकडच्या त्या गावी कार्यक्रमाला आम्ही आठ जण दुपारच्या एसटीनं उतरलो होतो. वेशीवर एक माणूस आला आणि आम्हा तिघांना म्हणाला, "तुमी इकडून या, तुमची सोय तुमच्या मान्सांत केलीया." बाकीचे पाच जण वर गावात गेले, आम्ही तिघं खालच्या वस्तीत. तिथल्या बायांनी घासलेल्या तांब्यात पाणी आणलं, वर गुळाचा खडा. एकीच्या पायाला चिंधी होती. पाणी बारवेचं होतं. त्यांच्याकडे दुसरं नव्हतंच. त्यांनी आपलं होतं ते आम्हाला दिलं. त्यांच्यावर माझा राग नाही.

प्रभाकरभाऊ मोसंबी घेऊन आले तेव्हा नामदेव माझ्या खाटेशी बसला होता.

"काय रूथ, दवाखान्याचं खाऊन गुटगुटीत झालीस की!"

नामदेव म्हणाला, "भाऊ, तुमाला न्हाई झाला व्हय नारू?"

"मला कसा होईल?"

"त्येच म्हन्तो मी बी."

मी विचारलं, "त्या गावात तुम्ही पाणी कुठलं प्यायलात?"

"पाटलांच्या घरचं. आडाचं." आड म्हणजे दोरीनं पाणी शेंदायची विहीर. तीत कुणाचा पाय पडत नाही.

"आम्हाला वेगळं बसवायचं, हे त्यांनी तुम्हाला आधी विचारलं होतं?"

भाऊ मोसंबी सोलत राहिले. मग म्हणाले, "विचारलं होतं. नाही म्हटलं असतं तर कार्यक्रम झाला नसता, रूथ. कार्यक्रम कशावर होता, आठवतं ना?"

आठवत होतं. समतेवर होता.

"हे छापू नकोस," ते म्हणाले. "पथक फुटेल." मोसंबीच्या फोडी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. तेव्हा मला संताप आला नाही, एवढंच खरं लिहिते. संताप फार उशिरा आला, आणि आल्यापासून गेलेला नाही.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घोटा धरलाय. अँकिलोसिस म्हणतात याला, म्हणजे सांधा जागच्या जागी जाम होतो. चालशील. उडी नाही."

"नाचीन?"

"चालशील म्हटलं मी."

त्यांचे उपकार आहेत. खोटं बोलल्या नाहीत आणि पाय वाचवला. सिस्टरचेही आहेत. ड्रेसिंगच्या उरलेल्या पट्ट्या तिनं मला खिडकीच्या गजाला बांधू दिल्या. पडल्या पडल्या मी त्यांचा गोफ विणायचे, सोडवायचे. इतकी वर्षं मी फक्त पुढचीची पाठ पाहिली होती. सगळी वेणी कशी पडते ते पहिल्यांदा दिसलं. उडीचं त्यात काही काम नाही, हेही दिसलं. उडी आम्ही टाळ्यांसाठी मारत होतो.

मी गोफ चालीवर बसवला. साधी चाल, आत, बाहेर, जोडी बदल. राजूरला शिबिरात पहिल्यांदा शिकवला, काठी टेकून. बाजाराला आलेल्या बाया बघत उभ्या राहिल्या. एक म्हातारी पाटी खाली ठेवून म्हणाली, "ह्ये तर आमाला बी येतंय. चालायचंच हाय न्हवं?" आणि तिनं दोरी धरली. माझ्या पायाचं काय गेलं ते मला माहीत आहे. म्हातारी आली म्हणून ते भरून निघालं, असं मी म्हणणार नाही.

पथक फुटलं नाही. शांताचा नारू अखंड निघाला, नामदेवचा गुडघा अजून पुरता वाकत नाही. नाच आता मी बसवते. प्रभाकरभाऊंना मी एकच अट घातली: गावाला होकार कळवण्याआधी पाण्याचं विचारायचं, आणि उत्तर सगळ्यांसमोर वाचायचं. त्यांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात बारव असेल तर पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिऊ नका, आणि नारूचा पाय त्यात घालू देऊ नका. पण एवढ्यावर सुटू नका. आम्ही तिथं एकदा प्यायलो. त्या वस्तीतल्या बाया रोज पितात, आणि वर आड आहे. तुमच्या आडावर कोण येऊ शकत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळी स्वतः जाऊन त्यांना बोलावून आणा आणि पहिला पोहरा त्यांच्या हातात द्या. तेवढं जमत नसेल तर आमच्या पथकाला बोलावू नका.