टिलरचं कपाळ

आमच्या घरात सोनं सकाळी यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. माझे वडील गलाई कामगार. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून सोनं शुद्ध करायचं, हे ते काम. खानापूर तालुक्यातून चेन्नईला आलेली आमच्याकडची पुष्कळ माणसं हेच करतात. भट्टीच्या वरच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो. तेजाबाच्या वाफेनं खिडकीचे गज खाल्ले आणि वडिलांचा आवाजही खाल्ला. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या त्याच भट्टीत गेल्या. त्यावर मी मेकॅनिकल इंजिनीअर झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, न विचारताही सांगते.

अंबत्तूरला शेतीच्या अवजारांच्या एका डीलरकडे मी सर्व्हिस इंजिनीअर म्हणून लागले, प्रोबेशनवर. मी कन्फर्म झाले की वडील भट्टी सोडणार, असं घरात ठरलं होतं. डॉक्टरांनी तर त्यांना कधीच सोडायला सांगितली होती. तेवढ्यात शोळिंगनल्लूरच्या एका आयटी कंपनीची तक्रार आली. माझ्या आधी दोन जण जाऊन हात हलवत परतले होते. आमचे मालक सेल्वराज सार म्हणाले, "ही कंप्लेंट क्लोज कर, मी लेटरवर सही करतो. नाहीतर काउंटरवर बसून स्पेअर पार्ट वीक."

तक्रार अशी होती: "लॉनमोवर वांग्याच्या वाफ्यापाशी थांबतो."

लॉनमोवर गवत कापतो. या कंपनीनं आमच्याकडून घेतला होता टिलर, म्हणजे पात्यांनी माती उकरून भुसभुशीत करणारं पेट्रोलचं यंत्र. कर्मचाऱ्यांच्या मनःशांतीसाठी कॅम्पसमध्ये भाजीपाला लावायचं ठरलं होतं. गेटवरच्या सिक्युरिटीनं त्याची नोंद टू-व्हीलर अशी केली होती, कारण त्याला दोन चाकं होती. मी ते तपासायला गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊ लागले, तर त्यांनी हेल्मेट विचारलं. मी आतच तपासायचं ठरवलं.

पहिलं काम, मॉडेल ओळखणं. इंजिनावर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर असतो. इथे त्या पट्टीवर चंदन आणि कुंकवाचे थर वाळून खपली झाली होती. मी नखानं खरवडायला गेले, तर माळी एळुमलै यांनी हात जोडले. "नको अम्मा. ॲडमिनच्या मॅडम स्वतः लावतात." मग मी लक्षणांवरून ओळखलं. पाती इंजिनाच्या खाली, ऑइलचं झाकण वेगळं, पेट्रोलची टाकी वेगळी, म्हणजे फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. मॉडेल कळलं.

ऑइल ठीक होतं. एअर फिल्टर धुतला, स्पार्क प्लग घासला, कार्ब्युरेटर साफ केला. दोरी ओढली, पहिल्याच ओढीला चालू. आवाज असा की मलाच माझा अभिमान वाटला. एळुमलै टिलर घेऊन शेडपासून निघाले, भेंडी झाली, मिरची झाली आणि वांग्याच्या वाफ्यापाशी टिलरनं दोन आचके दिले नि गप्प झाला.

"इथे पूर्वी नागाचं वारूळ होतं," एळुमलै म्हणाले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघितलं, झाकण लावलं, आणि खिशातून कापूर काढला. पेट्रोलच्या टाकीजवळ कापूर पेटवायचा, हे आम्हाला कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. मी त्यांना ताट घेऊन लांब, पार भिंतीपाशी पाठवलं. त्यांनी तिथून ओवाळलं. परत येऊन दोरी ओढली. यंत्र चालू.

हाच उपाय महिनोन् महिने चालला होता. ऑफिसात सगळ्यांचा त्यावर विश्वास होता, त्यात मास्टर्स केलेली मंडळीही होती. वांग्याचा वाफा हलवायचा प्रस्तावसुद्धा वरपर्यंत गेला होता.

मी म्हटलं, आता मोजूनमापून बघू. पुढच्या वेळी यंत्र थांबलं तेव्हा कापूर ओवाळायला लावला, पण झाकण उघडू दिलं नाही. यंत्र ढिम्म. मग झाकण उघडून लावलं. उघडताना सुस्स असा आवाज झाला. कापूर नाही, काही नाही, आणि यंत्र चालू.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही. वर दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. टिलरच्या टाकीच्या झाकणाला त्यासाठीच बारीक छिद्र असतं. आयुधपूजेपासून, म्हणजे आपल्या खंडेनवमीपासून, त्या झाकणावर चंदनाचा टिळा लागत होता. छिद्र बुजलं होतं. शेडपासून वांग्यापर्यंत जाईतो टाकीत हवेची ओढ तयार व्हायची, पेट्रोल खाली उतरायचं थांबायचं, यंत्र बंद. ते बंद पडलं की मॅडम काळजीनं आणखी एक टिळा लावायच्या.

मी सेल्वराज सारना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मशीनचा दोष सांग. माझा दोष सांग. चंदनाचा सांगू नकोस. बाकीच्या कॅम्पसची कॉन्ट्रॅक्टंही त्याच बाईंच्या हातात आहेत."

त्या बाई म्हणजे ॲडमिनच्या राजलक्ष्मी मॅडम. मी त्यांना म्हटलं, टिळा राहू दे, फक्त जागा बदलू.

"कपाळ सोडून टिळा कुठे लावतात?" त्यांनी विचारलं. झाकण सगळ्यात वर होतं आणि गोल होतं, म्हणजे कपाळ.

दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये मीटिंग झाली. पडद्यावर टिलरचा फोटो. मोटारसायकलचं कपाळ हेडलाइट, लॉरीचं काचेच्या वर, हे सगळ्यांना मान्य होतं. टिलरला हेडलाइट नाही. एकानं हँडल सुचवलं, तर बाकीचे म्हणाले ते हात आहेत. सेफ्टीच्या माणसानं दोरीचं गोल कव्हर सुचवलं. मी घाईनं नाही म्हटलं, तिथल्या फटींतून इंजिन गार करणारी हवा जाते. शेवटी मैलापूरच्या गुरुजींना व्हिडिओवर घेतलं. ते जेवत होते.

आता इंजिनीअरिंग बोलून उपयोग नाही, हे मला कळलं. मी म्हटलं, "गुरुजी, झाकण हे कपाळ नाही, तोंड आहे. हे यंत्र तिथून पितं."

गुरुजींचा घास हातातच राहिला. "आणि तुम्ही त्यात चंदन भरता? तोंड बांधून बैलाला नांगराला जुंपता होय?"

मॅडमनी डोळे पुसले. कपाळ ठरवायचं काम माझ्यावर आलं. मी इंजिनासमोरचा लोखंडी गार्ड दाखवला. तिथे चंदन काय, सिमेंट लावलं तरी बिघडत नाही. "तांत्रिकदृष्ट्या हेच कपाळ" असं लिहून मी सही केली, खाली पदवीसकट.

झाकणाचं छिद्र पिनेनं मोकळं केलं. एळुमलै निघाले. भेंडी, मिरची, वांगी. यंत्र थांबेना. वांगी संपली तरी थांबेना. तेव्हा लक्षात आलं, हे यंत्र बंद कसं करतात हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. मी ओरडत मागे पळाले, पण स्विचपर्यंत माझा हात पोचेतो वाफ्यांपलीकडच्या व्हॉलीबॉल कोर्टाची अर्धी नांगरणी झाली होती. मॅडम म्हणाल्या, काम छान झालं आहे.

यंत्राचं मॅन्युअल वाचावंच. पण गिऱ्हाईक त्याला कुठे नमस्कार करतं, तेही आधी विचारून घ्यावं.

सेल्वराज सारनी लेटरवर सही केली. मी कन्फर्म झाले, आणि त्याच महिन्याअखेर वडिलांनी भट्टी सोडली.