न्हाई म्हणून लिहून दिलं न्हाई

परिपाठ चालू होता. प्रतिज्ञा संपत आली होती आणि माझा फोन टेबलावर थरथरत होता. फोन राठोडबाईंच्या सुनेचा. "मॅडम, मामी गेल्या…" एवढंच बोलली ती; सासूला ती मामी म्हणायची. पहाटे छातीत कळ आली, कळमनुरीहून नांदेडला नेताना वाटेतच सगळं संपलं. मी मुलांना वर्गात पाठवलं आणि ऑफिसात येऊन बसले. मुख्याध्यापकाची खुर्ची माझीच, पण त्या दिवशी तिच्यात टेकवेना. ही खुर्ची बाईचीही असते हे ज्यांच्याकडून शिकले, त्याच गेल्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं.

शेवंता राठोड कळमनुरीजवळच्या एका तांड्यातल्या. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी. पोरगी आश्रमशाळेत शिकली, डीएड झाली, जिल्हा परिषदेत लागली. मी नोकरीला लागले तेव्हा त्या आमच्या शाळेत सहशिक्षिका होत्या. आमच्या भागात शाळा बघा, वर्गावर निम्म्याहून जास्त बाया दिसतील. ऑफिसात बघा, सर. बाई म्हणायच्या, "शिकवायला बाया, सही करायला सर. हे कोणी ठरवलं गं?" ठरवलेलं कुणीच नसतं. ज्येष्ठतेनं बाईचं नाव वर येतं, मग घरचे म्हणतात लांबचं गाव नको, सोबतचे म्हणतात कशाला डोक्याला ताप, आणि बाई पदोन्नती नको म्हणून लिहून देते. खालचे सर वर सरकतात.

बाईंचं नाव आलं तेव्हा त्यांचे धाकटे दीर शाळेतच आले होते. माझ्यासमोर म्हणाले, "वहिनी, न्हाई म्हणून लिहून द्या. सगळ्याच बाया देतेत."

"सगळ्या देतेत म्हणूनच मी देणार न्हाई," बाई म्हणाल्या, आणि फळा पुसायला लागल्या.

त्यांना दूरचं गाव मिळालं. आठवीपर्यंतची मोठी शाळा. योगायोगानं त्याच वर्षी माझीही बदली तिथंच झाली, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यानं पाहिलं. गावाला तिथले जुने सर मुख्याध्यापक म्हणून हवे होते. शाळा समितीचे अध्यक्ष दत्तराव चार जणांना घेऊन आले. "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण मोठाली पोरं हायेत, दंगा करतेत. इथं माणूस पाहिजे."

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "मंग मी काय दिसून राहिले तुमाला?"

आठवड्याभरात फाटकाला गावाचं कुलूप लागलं. हळद काढणीचे दिवस, ऊन तापायला लागलेलं. आम्ही शिक्षक घाबरून उभे. बाईंनी फाटकासमोरच्या लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला, मुलं वर्गवार बसवली. हजेरी घेतली. खिचडी शिजवणाऱ्या मावशीनं तीन दगड मांडून चूल पेटवली. दोन-तीन दिवस असेच गेले. मग तालुक्याहून साहेब आले. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "तुम्ही थोडे दिवस रजेवर जा. वातावरण निवळलं की बघू."

"साहेब, मी कामावर हाय. रजेवर ह्या कुलपाला पाठवा."

साहेब गाडीत बसून गेले. बाई खिचडीच्या चुलीआड गेल्या. मी मागे गेले तर रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "रडू येतं गं… येऊ द्यायचं. मंग तोंड धुवायचं अन् पाचवीचं गणित घ्यायचं." आणि तसंच केलं.

रानात जाणाऱ्या बाया रोज त्याच रस्त्यानं जायच्या. आधी नुसत्या बघायच्या, मग थांबायला लागल्या. साहेब येऊन गेले त्या दिवशी दुपारी दत्तरावांच्या घरच्या, गंगाबाई, रानातून सरळ पारावर गेल्या. मागं दहा-बारा बाया, सगळ्यांचे हात हळदीनं पिवळे. "आमच्या लेकी रस्त्यावर उन्हात बसल्या अन् तुमी हितं पत्ते खेळून राहिले? काहून? बाई हाय म्हणून? मंग तुमच्या घरात कोण हाय? किल्ली द्या, न्हाईतर आजपासून चुलीला बी कुलूप." दत्तरावांनी पत्ते खाली ठेवले. खिशातून किल्ली काढून दिली. गंगाबाईंनी स्वतः कुलूप काढलं. मुलं ओरडत आत पळाली. बाई मात्र गंगाबाईंचे पिवळे हात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

बाई काही देवता नव्हत्या. हट्टी होत्या, फटकळ होत्या, उशिरा येणाऱ्याला सर्वांसमोर बोलायच्या. पण मुलींच्या संडासाला आतून कडी बसली ती त्यांच्यामुळे. सातवीनंतर घरी बसवलेल्या मुली त्यांनी दारोदार जाऊन परत आणल्या. तांड्यावरची लेकरं त्यांना याडी, म्हणजे आई, म्हणायची. माझं नाव पदोन्नतीच्या यादीत आलं तेव्हा मी नकार लिहायला बसले आणि त्यांना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "पेन खाली ठेव."

त्या गेल्यानंतर तालुक्याच्या मुख्याध्यापकांच्या बैठकीत त्यांना श्रद्धांजली झाली. एक साहेब म्हणाले, "बाई असूनही त्यांनी पुरुषासारखं काम केलं." टाळ्या पडणार तेवढ्यात मी उभी राहिले. म्हणाले, "नाही साहेब. त्यांनी बाईसारखंच काम केलं. ते कसं असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच." साहेब पाणी प्याले.

या बैठकांना आम्ही मोजक्या मुख्याध्यापिका दाराजवळ, मागं बसायचो. चहा आला की वाटायला सोयीचं. राठोडबाई तेवढ्या पहिल्या ओळीत, अगदी मधोमध बसायच्या आणि चहा हातात येईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. परवाच्या बैठकीत मी त्या खुर्चीत जाऊन बसले. बघता बघता मागच्या सगळ्या जणी पुढं आल्या. मागून आवाज आला, "मॅडम, जरा सरका, सर लोकांना दिसून न्हाई राहिलं."

"मंग पुढच्या बैठकीला लवकर या," मी म्हणाले.

कोणीच सरकलं नाही.