जोडावरची पट्टी

विजू गेली त्या सकाळी मी तिच्याच अंगणात होते, हातात पाण्याची नळी. शेवटचे आठ दिवस ती गोरेगावला लेकीकडे होती. तिथून स्मिताचा फोन आला. "मावशी, आई गेली..." मी म्हणाले, "बरं." बरं! पस्तीस वर्षांची मैत्रीण गेली आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बरं. मग नळ बंद करायचंही सुचलं नाही. चाफ्याचं आळं भरून पाणी वाहत पार जिन्यापर्यंत गेलं.

दीड महिना झाला. सोसायटीच्या शोकसभेत सगळे म्हणाले, विजू हसरी, विजू मदतीला धावणारी. खरंच होतं. पण विजू भांडकुदळ होती, हे कोणी बोललं नाही. मुलुंडच्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. एकाच शाळेच्या ऑफिसात दोघींनी कारकुनी केली. माझ्या सोलकढीला तिने जन्मात कधी बरं म्हटलं नाही. "कुंदे, ही कढी की भांडी धुतलेलं पाणी?" हे पाहुण्यांसमोर! मी रुसून बसायचे, मग तीच वर यायची. "चल गो, चाय टाक." मालवणची बाई, पोटात काही ठेवणं तिला जमायचंच नाही. निदान मी तरी तसं समजत होते.

रिटायर झाल्यावर तिने मागच्या वीतभर अंगणात चाफा लावायचं मनावर घेतलं. आम्ही भांडुपच्या एका नर्सरीत गेलो. मी सोनचाफ्याच्या बाजूने, फुलं देवाला होतात, केसांत माळता येतात. ती कसली ऐकते! "सोनचाफो गच्चीपर्यंत जातलो. फूल काढूक ह्या वयात शिडी लावू?" तिला कवठी चाफाच हवा होता. बेताचं झाड, पांढरं फूल, संध्याकाळी उमलतं आणि पिकलेल्या कवठासारखा वास सुटतो. तिच्या माहेरी विहिरीपाशी होता. "आई गेली, घर विकलं, विहीरही बुजवली. तो वास तेवढा एकदा परत हवाय बघ..." विजू असं कधी बोलायची नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. नर्सरीवाल्या काकांनी कलम पुढे केलं. खाली सोनचाफ्याच्या रोपाचा खुंट, त्यावर जोडलेली कवठी चाफ्याची काडी. म्हणाले, "जोडाच्या खाली फूट आली की लगेच खुडायची, ताई. नाहीतर खुंट कलमाला खातो." विजूने मान डोलावली. मी शेजारीच मोगऱ्याच्या कुंड्या बघत होते. माझ्याही कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही.

वर्षाच्या आत झाडाने एक कळी धरली. ती गळाली. "पुढच्या खेपेला," विजू म्हणाली. त्याच पावसाळ्यात तिचं दुखणं निघालं आणि उपचारांसाठी ती स्मिताकडे गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "झाडाकडे तेवढं बघ गं. बाकी घर गेलं खड्ड्यात."

बघितलं ना मी! शेणखत घातलं, गोगलगायी वेचल्या. बुंध्यातून दोन कोंब फुटले आणि बघता बघता कमरेएवढे झाले, लांब पोपटी पानं. वरचा जुना शेंडा मात्र गडद पानांचा, खुरटलेला, वाढायचं नाव नाही. मला वाटलं, हाच मेला सगळा रस ओढतोय. कात्री आणली आणि छाटून टाकला. वर तिला फोटो पाठवला. "बघ, तुझ्यापेक्षा माझ्या हाताला गुण आहे!" तिचं उत्तर आलं, "झकास." एकच शब्द. माझ्या साध्या पोह्यांच्या फोटोवरसुद्धा ही बाई चार ओळी टोमणे लिहायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दिवाळीला ती घरी आली. पहिल्याच दिवशी जुन्या हिरव्या साडीची पट्टी फाडून तिने बुंध्याला गुंडाळली. "थंडी लागेल गं त्याला," म्हणाली. मुलुंडात थंडी! मी हसले. पुढचं वर्षभर रोज संध्याकाळी ती खुर्ची टाकून झाडाशेजारी बसायची. झाड माझ्या डोक्यावर गेलं. येईल त्याला मी सांगायचे, विजू नव्हती तेव्हा मी जगवलं हे. ती ऐकत असायची. "यंदा फुलेल बघ," मी म्हणायचे. "हो, फुलेल की," ती म्हणायची.

तेराव्यानंतर मी त्या नर्सरीवाल्या काकांना घेऊन आले, हे फुलत का नाही ते बघा म्हणून. त्यांनी पट्टी सोडली. आत जोड, आणि जोडाच्या बोटभर वर माझ्या कात्रीचा काप, काळा पडलेला. "कलम तर कोणीतरी छाटलंय," ते म्हणाले. "हा नुसता खुंट वाढलाय. याला कवठी चाफा कधीच येणार नाही. तेव्हाच दुसरं लावलं असतं, तर एव्हाना फूल बघितलं असतंत."

तेव्हाच दुसरं... पण दुसरं लावलं असतं तर मला कळलं असतं ना!

विजू, मला तुझा राग येतो. कढीला नावं ठेवलीस, माझ्या साड्यांना ठेवलीस, आणि इथे तुझी दातखीळ बसली? एक सणसणीत शिवी घालायचीस. त्याच दिवशी धावत जाऊन दुसरं कलम आणलं असतं मी. मला वाईट वाटू नये म्हणून तू तो वास सोडून दिलास. ही दया मागितली होती का मी? आणि तुझ्यावर चिडण्यात तरी काय अर्थ आहे... कात्री माझ्या हातात होती.

परवा स्मिता आली होती. निघताना म्हणाली, "मावशी, आईच्या चाफ्याला फूल आलं की कळव हं. मला एकदा तो वास घ्यायचाय." मी म्हणाले, "हो, कळवीन की." अगदी विजूसारखंच.

स्मिता ही पुरवणी दर रविवारी वाचते. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिते. बाळा, फुलाची वाट बघू नकोस. तुझ्या आईचा चाफा मी कापला, आणि तिने ते मरेपर्यंत झाकून ठेवलं. ती हिरवी पट्टी माझ्या कपाटात आहे. धुतलेली नाही, तिने मारलेल्या गाठीची सुरकुती अजून आहे. ये आणि घेऊन जा. आणि येशील तेव्हा मला चार शब्द चांगले सुनाव... तुझ्या आईने सुनावले नाहीत ते.