चिप बसवण्याचा मान

देवासच्या फत्तेसिंग मोहित्यांची एक रीत होती. नवा कंप्युटर जोडायचा तो गिऱ्हाइकाच्या घरी बसून, आणि त्यातली मुख्य चिप आपण नाही बसवायची. नव्या घरात जी बाई दूध उतू घालते, तिनंच ती ठेवायची. बाजारातले बाकीचे दुकानदार हसायचे. "फत्तेभिया, मदरबोर्डाची ओटी पण भरता काय?"

"भरली असती," तो म्हणायचा, "पण नारळ आत मावत नाही."

पंचवीस वर्षं ही रीत चालली. सोमवारी तीच रीत घेऊन तो धारला गेला तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण एक चांगलं काम करतोय.

घर रणवीरचं. शाळेपासूनचा दोस्त, तीन वर्षांपूर्वी वारला. मागे बकुळावहिनी आणि मुलगी वैभवी. वैभवीला इंदूरच्या एका ऑफिसचं घरबसल्या नकाशे काढायचं काम मिळालं होतं. शुक्रवारपासून सुरुवात, आणि मशीन स्वतःची, दमदार पाहिजे, ही अट.

टेबलावर सगळे सुटे भाग मांडून फत्तेसिंगनं वहिनींना हाक मारली. त्या स्वैपाकघराच्या दारातून पुढे आल्याच नाहीत. "मी नको भाऊजी. आक्कासाहेबांना सांगा."

आक्कासाहेब म्हणजे थोरली जाऊ सुभद्रा. पलंगावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "नव्या वस्तूला सवाष्णीचा हात लागावा, इतकंच. माझं काय, मी कधी कुणाला अडवलंय?"

फत्तेसिंग हट्टाला पेटला. "रणवीर गेल्यापासून हे घर वहिनींनी ओढलं. मान त्यांचाच."

बकुळावहिनींनी हात पदराला पुसले, दोनदा पुसले. त्यानं दाखवलं तशी चिप फक्त कडांनी धरली आणि खोबणीत अलगद ठेवली. रणवीर असता तर टाळी वाजवली असती. फत्तेसिंग खाली वाकला. चिपच्या कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या खुणेशी जुळायला लागतो. त्याला ना त्रिकोण दिसला, ना खूण. गेल्या दिवाळीपासून डावा डोळा शुगरनं खाल्ला होता. उजव्यातून सगळं धुरातून पाहिल्यासारखं. हे त्यानं देवासात कुणाला सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही.

मनात शंका आली. नखानं चिप उचलली, सरकवली, पुन्हा दाबली. "जरा सरळ केली," तो म्हणाला. झाकण लावलं.

बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा वळसा.

"काका, वायर ढीला असेल ना?" वैभवी म्हणाली. वायरी तपासल्या, काढून लावल्या, भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डातून वीज घेतली. दोन तास गेले.

"मी आपलं म्हटलं होतं," सुभद्रा म्हणाली. आवाज चढवला नाही. बकुळावहिनींनी दोन्ही हात पदराखाली घेतले. तेवढं मात्र फत्तेसिंगला धुरातूनही दिसलं.

मशीन पाठीवर मारून तो देवासला आला. मंगळवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसला. न चालणाऱ्या मशीनला त्याचा एकच उपाय: एकेक वस्तू कमी करत जायचं. ग्राफिक्सचं कार्ड काढलं. मेमरी काढली. वीज देणारा डबा बदलला. बटणावर भरवसा नको म्हणून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रू पिळायच्या पेचकसानं जोडून पाहिल्या. पंख्याचा तोच अर्धा वळसा. शेवटी उरली चिप आणि तिच्याखालची खोबण. ती उघडून त्यानं मोबाईलनं फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला.

केसाएवढ्या चार पिना आडव्या झाल्या होत्या. सगळ्या एका कोपऱ्यात, एका रेषेत. ज्या कडेला त्यानं नख घातलं होतं, त्याच कडेला.

त्यानं इंदूरच्या डीलरला फोन लावला. धीरजनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे भिया, उसमें क्या है. कस्टमर के हाथ से मुड़ी, बोल दो. रोज होता है."

"कस्टमरची जाऊ आधीच तसं म्हणतेय," फत्तेसिंग म्हणाला आणि फोन ठेवला.

पाठोपाठ वैभवीचा आला. मशीनचं तिनं विचारलंच नाही. "काका, आई देवपूजा नाही करत कालपासून. तुळशीला पाणीपण थोरल्या काकू घालतात. कुणी मना नाही केलं तिला. आपणच सोडलं तिनं."

बुधवारी तो इंदूरला उतरला, नवा बोर्ड घेतला आणि दुपारी धारला पोचला. सगळ्यांना समोर बसवलं. "वहिनींनी चिप बरोबर ठेवली होती. मी ती उचलली आणि मी बिघडवली. मला दिसत नाही."

सुभद्रा मायेनं हसली. "फत्तेसिंगराव, रणवीरचे मित्र तुम्ही. तुम्ही असंच म्हणणार."

याची त्यानं तयारी केलेली नव्हती. मग त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला, उजवा डोळा तळव्यानं झाकला. "वैभवी, बोटं दाखव."

ती समोर उभी राहिली.

"खिडकी कळतेय," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

सुभद्राचं निम्मं माहेर देवासात. उद्यापर्यंत तिथल्या प्रत्येक घरात हे पोचणार आणि मग आंधळ्याच्या हातात मशीन कोण देणार, हे त्याला उमगलं होतं. त्यानं चष्मा चढवला. "आता पटलं? वहिनी, या. ठेवा चिप."

"खरं असेल भाऊजी," बकुळावहिनी म्हणाल्या. "वैभवीला ठेवू द्या."

वैभवीनं ठेवली. फत्तेसिंग हात पाठीमागे बांधून नुसता सांगत राहिला. बटण दाबलं, पंखा घुमला, पडदा उजळला. पोरगी हसली. "आई, इकडे ये ना. एकदा बंद करते, तू चालू कर."

"चालू झालंय ना," बकुळावहिनी दारातूनच म्हणाल्या. "आता कशाला हात लावू."

फत्तेसिंगनं पेचकस पिशवीत भरले. निघताना उंबऱ्यापुढची पायरी पायाला सापडेना. तो चाचपडला. सगळ्यांत जवळ वहिनीच होत्या. त्यांचा हात पदराबाहेर आला, त्याच्या कोपरापर्यंत आला, आणि थांबला. तो वाट पाहत उभा राहिला.

हात मागे गेला.

"वैभवी," वहिनींनी आत पाहून हाक मारली, "काकांना धर गं."