दर दहा सेकंदांनी एक फोटो

मेलेल्या माणसाचा फोटो काढताना उजेड सरळ समोरून टाकावा लागतो. बाजूने टाकला की सावली पडते, जखम आहे त्याहून खोल दिसते आणि पुढे कोर्टात वकील त्यावर तासभर बोलतात. किशोर गावंडे हे वयाच्या तेविसाव्या वर्षी शिकले. मूर्तिजापुरात त्यांचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं आणि पंचनाम्याला पोलीस त्यांनाच बोलवत. नऊ वर्षांत त्यांनी दोनशेच्या वर मृतदेहांचे फोटो काढले. रेल्वेखाली आलेले, विहिरीतून काढलेले, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात कुऱ्हाडीने तोडलेले. एका घरात दिराने भावजयीच्या डोक्यात पाटा घातला होता. किशोर यांनी नेहमीच्या क्रमाने आधी पूर्ण खोली घेतली, मग देह, मग जखमेशेजारी फूटपट्टी ठेवून जखम. क्रम मोडायचा नाही आणि मधला फोटो गाळायचा नाही, हे त्या कामाचे दोन नियम.

एका पहाटे रुळांवर धड वेगळं आणि पाय वेगळे पडले होते. पायाच्या पंज्यावर भाजल्याचा जुना डाग होता. तो मामेभावाचा पाय होता. किशोर यांनी चौदाच्या चौदा फोटो काढले, फौजदाराला नाव सांगितलं आणि त्यानंतर त्या कामाला गेले नाहीत.

ते अमरावतीला आले. राजापेठेत शिकवणी वर्गांच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर स्टुडिओ टाकला. आज ते सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. साड्यांच्या दुकानांचे फलक आणि कॅटलॉग हे त्यांचं मुख्य काम, आणि तेही बाहेरच्या उजेडातलं. या धंद्यात बहुतेकांचा एकच घोळ होतो. मॉडेलचा चेहरा नीट आला तर मागचं आभाळ पांढरं फटक पडतं आणि आभाळ सांभाळलं तर चेहरा कोळसा होतो. किशोर यांच्या फोटोत दोन्ही येतं.

त्यांची पद्धत साधी आहे. मॉडेलला उभं करण्याआधी ते आभाळ मोजतात आणि शटर त्याला जुळवतात. मग चेहऱ्यासाठी फ्लॅश ठरवतात. फ्लॅश क्षणभराचा असतो, त्यामुळे शटर पुढे-मागे केलं तरी चेहऱ्यावरचा उजेड तेवढाच राहतो, बदलतं ते फक्त आभाळ. सूर्य उतरू लागला की दर दोन मिनिटांनी शटर थोडं संथ करत जायचं. जमीनही बघावी लागते. वऱ्हाडातली काळी माती उजेड गिळते, उभ्या माणसाच्या हनुवटीखाली अंधार करते. कापूस फुटला की तीच जमीन खालून उजेड परत देते. म्हणून त्यांचं सगळ्यात चांगलं काम नोव्हेंबरात होतं.

ते मदतनीस ठेवत नाहीत. कॅमेरा तिवईवर लावून दर दहा सेकंदांनी आपोआप एक फोटो निघेल असा बसवतात आणि स्वतः मॉडेलजवळ जाऊन पदर, केस, पांढरा पडदा सांभाळतात. उभी राहणारी बाई कॅमेऱ्यामागे कुणी नसलं की मोकळी होते, असा त्यांचा अनुभव.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मॉडेल होती करिश्मा तायडे. बडनेऱ्याची, तेवीस वर्षांची, वडील रेल्वेत. जागा होती शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेच्या बंद रुळांवरचं एक ओस स्थानक, मूर्तिजापूरपासून अकरा किलोमीटरवर. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. करिश्माने दुपारी तिथूनच मोबाइलवर एक फोटो टाकला. तो शेजारच्या गावातल्या गोपालने पाहिला.

गोपालशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मग अमरावतीच्या बाजारात तिच्या फोटोचा फलक लागला. त्याच्या घरच्यांनी काम सोडायला सांगितलं, तिने लग्न सोडलं. त्यानंतर दोनदा त्याने तिला रस्त्यात अडवून मारलं होतं. दोन्ही वेळा तक्रार झाली नाही.

पावणेसहाला तो कापसातून वर आला. हातात विळा होता.

"उजेडात उभी हायेस नं? मस्त," तो म्हणाला. "तुह्या थोबाडाचेच पैसे देते नं लोक? ते थोबाडच ठेवत नाई आता."

"गोपाल, माहं ऐक—"

त्याने ऐकलं नाही. पहिला वार तिने हातावर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत. दुसरा डाव्या गालावर बसला, कानापासून ओठापर्यंत. आतले दात दिसत होते. किशोर चार पावलांवर पांढरा पडदा बांधत होते. पडद्याचा लोखंडी स्टँड साडेतीन किलोचा. तो त्यांनी उचलला आणि गोपालच्या मानेवर घातला.

"ए फोटोवाल्या, तुले काय कराचं हाय?" गोपाल वळला. विळा किशोर यांच्या खांद्यात रुतून निघाला. दुसऱ्या फटक्याने गोपालचा हात मोडला, विळा रुळांपलीकडे जाऊन पडला. तिसऱ्याने तो गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला.

किशोर थांबले नाहीत. तोंडावर, छातीवर, पुन्हा तोंडावर. करिश्मा एका हाताने गाल धरून ओरडत होती, "भाऊ, बस झालं! किशोरभाऊ, तो मरून जाईन!" वेचणीवरच्या बाया बांधावरून धावत येईपर्यंत गोपालचा जबडा दोन ठिकाणी फुटला होता आणि एका कानातून रक्त येत होतं. त्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

बायांनी तिघांनाही किशोर यांच्या जुन्या ओमनी गाडीत चढवलं. पुढे करिश्मा, गालावर शूटिंगच्या साडीचा पदर दाबून. मागे स्टँडच्या पिशव्यांवर गोपाल. मूर्तिजापूरच्या दवाखान्यापर्यंत गाडी किशोर यांनी चालवली, एका हाताने.

पोलिसांनी विळा आणि स्टँड जप्त केला. कॅमेरा कुणी मागितला नाही. फोटोवाला मारामारीत होता म्हणजे फोटो कोण काढणार, असं सगळे धरून चालले. कॅमेरा आपोआप चालू होता, हे किशोर यांनाही तिसऱ्या दिवशी आठवलं. त्यांनी कॅमेरा उघडला, तर शेवटच्या साडीसाठी घातलेल्या नव्या कार्डावर एकतीस फोटो होते.

चौथ्यात गोपाल कापसातून येताना दिसतो, विळा उजव्या हातात. पाचव्यात विळा वर आहे. सहाव्यात करिश्माचा गाल. आठव्यात गोपाल आडवा, दोन्ही हात रिकामे. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक फोटोत स्टँड किशोर यांच्या हातात वर उचललेला. सहा फोटो, म्हणजे एक मिनिट. शटर बदलायला कुणी नव्हतं, म्हणून मागचं आभाळ फोटोगणिक काळं होत जातं. चेहरे मात्र सगळे स्वच्छ आहेत, कारण फ्लॅश चेहऱ्यासाठीच लावलेला होता. एकतिसाव्यात लेन्सवर त्यांचाच हात येतो, सवयीने कॅमेरा बंद करताना.

तोवर जबडा बांधलेल्या गोपालने जबाब लिहून दिला होता. मी साक्षगंधाची अंगठी परत द्यायला गेलो होतो, विळा शूटिंगसाठी तिथंच ठेवलेला होता, फोटोवाल्याने मला मारलं आणि त्या झटापटीत मुलीला लागलं. त्याच्या गावातल्या दोघांनी तसंच लिहून दिलं. ते धुऱ्यावर होते म्हणे. शेतकऱ्याच्या लेकीच्या वेशात, हाती विळा घेऊन काढलेले जुने फोटो किशोर यांच्याच कॅटलॉगात सापडत होते. जबाब पटण्यासारखा होता.

अकोल्याचे वकील इनायतुल्ला यांनी फोटो दोनदा पाहिले आणि चष्मा काढला.

"किशोरभाऊ, आठ नंबरपर्यंत तुमी त्या पोरीचा जीव वाचवून राहिले. कानून तुमच्या बाजूनं. नऊ नंबरपासून तुमी पडलेल्या माणसाले मारून राहिले. तिथं तुमी मुजरिम."

"आणि हे नसतील तर?"

"तुमी सुटानच जवळजवळ. चार लोक बोलतीन, कोणी सांगन आत्मरक्षण, कोणी सांगन झटापट. पण मंग तोबी सुटते. अन् त्या पोरीले तो पुन्हा रस्त्यात अडवन."

"पहिले आठच देले तं?"

इनायतुल्ला हसले. "हे तुमी मले इचारता? नऊ वर्ष पंचनामे कोणी केले?"

किशोर यांना उत्तर ठाऊक होतं. फोटोंना अनुक्रम असतो. मधले गाळले की पहिली शंका उरलेल्यांवर येते आणि गोपालच्या वकिलाला तेवढंच पुरतं. द्यायचे तर एकतीस, नाही तर एकही नाही.

घरी बायकोने, शकुनने, मत द्यायला वेळ घेतला नाही. "विहिरीत टाका ते कार्ड. तुमी काय त्या पोरीचे बाप हा? खांदा फोडून घेतला, तेवढं भरलं नाई काय?"

"तिचा गाल फाटला, शकुन."

"अन् तुमी जेलात गेल्यावर तो शिवला जाईन?"

चार दिवस कार्ड त्यांच्या खिशात होतं. पाचव्या दिवशी ते अमरावतीच्या दवाखान्यात गेले. करिश्माच्या गालावर सदतीस टाके होते. तोंड उघडत नव्हतं, ती दातांमधून बोलायची.

"दाखवा."

त्यांनी सगळे दाखवले. सहाव्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग पुढचे भराभर सरकवले आणि कॅमेरा उलटा ठेवला.

"पुढचे कोनाले दाखवू नका, भाऊ."

"असं करता येत नाई."

"मंग एकबी दाखवू नका. मी माहं पाहून घेईन."

"कसं पाहशीन? तो सुटला तं पुन्हा येईन."

तिने भिंतीकडे तोंड केलं. किशोर यांनी तिथून सरळ मूर्तिजापूर गाठलं आणि कार्ड ठाण्यात दिलं. पावती घेतली. पंचांसमोर एकतीस आकडा लिहून घेतला. संध्याकाळी त्यांनाही अटक झाली, आठ दिवसांनी जामीन.

दोन्ही खटले अकोल्यात एकाच न्यायाधीशांसमोर चालले. गोपालच्या दोन साक्षीदारांना चौथा फोटो दाखवला. एकाने जबाब बदलला, दुसरा तारखेला आलाच नाही. गोपालला जिवे मारण्याच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. किशोर यांना गंभीर दुखापतीबद्दल एक वर्ष. करिश्मा त्या दिवशी कोर्टात तोंडावर ओढणी न घेता आली होती. गालाची शिवण वर उठलेली आहे आणि हसताना डावी बाजू हलत नाही.

अपिलाला दोन महिने होते, तोवर शिक्षा स्थगित होती. इनायतुल्लांनी कागद तयार ठेवले होते.

"दोन रस्ते," ते म्हणाले. "एक, फोटोंवर शंका घ्यायची."

"तो नाई. त्याचाबी वकील नागपूरले हायकोर्टात गेला हाय. मी शंका घेतली तं माह्या तोंडानं तो सुटन."

"बरोबर. मंग दुसरा. फोटो खरे, पण त्या एका मिनिटात तुमी भानावर नव्हते. रक्त पाहून डोकं फिरलं. कोर्ट ऐकते असं, शिक्षा उतरते. तुमाले एवढंच म्हणायचं हाय."

किशोर यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"मी भानावर होतो, वकीलसाहेब."

"किशोरभाऊ—"

"तो पडला ते मले दिसलं. विळा कुठं गेला तेबी दिसलं. तो उठनार नाई हे मले माहीत होतं. दोनशे पाहिले मी तसे. तरी मारला."

"काहून?"

"मारायचाच होता."

इनायतुल्लांनी पेनाचं टोपण लावलं. हे कागदावर मांडून कुठलंही अपील होत नाही, एवढं ते म्हणाले.

मुदत संपली त्या सोमवारी किशोर आणि शकुन सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला गेले. गाडीत तिने डबा उघडला नाही. कारागृहाच्या दारात शिपायाने त्यांचं नाव विचारून वहीत लिहिलं आणि खांद्याचा व्रण पाहून विचारलं, "हे काय आहे?"

"विळा लागला," किशोर म्हणाले.

"शेती करता काय?"

"नाही," शकुन म्हणाली. "हे भांडणं करते."

दार उघडलं. झडतीसाठी किशोर यांनी चपला हातात घेतल्या आणि ते आत गेले.