सांध्याच्या वर

त्या दिवसांत माझी देवावर श्रद्धा नव्हती, आणि हे मी अभिमानाने सांगत असे. वडिलांच्या छापखान्यात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. प्रत्येक संकटामागे कुणी तरी दोषी असतो आणि त्याला जाब विचारायचा असतो, एवढाच माझा धर्म. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. फाल्गुनात नाटे बंदराच्या वरच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, वणवा लागून एका वाडीतल्या आंब्याच्या बागा होरपळल्याचं कळलं, आणि मी रत्नागिरीहून तीन मैत्रिणींना घेऊन निघाले. बरोबर जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं, आणि वणवा कुणी लावला असा जाब विचारणारं, मीच लिहिलेलं पत्रक.

सड्यावर राखेचा पातळ थर होता. पाऊल टाकलं की ती उठायची आणि सावकाश बसायची. खूप खाली समुद्र चकाकत होता, पण त्याचा आवाज वर पोचत नव्हता. भाजलेली तांबूस पानं झाडांवर तशीच लटकत होती, वारा आला की वाजत होती. मी झोपेत चालल्यासारखी त्या बागेतून चालत होते.

आम्ही उतरलो भागीरथीकाकूंकडे. त्यांच्या यजमानांनी जाण्याआधी लावलेली हापूसची कलमं त्या वर्षी पहिल्यांदा धरली होती. आग लागल्यापासून काकू बागेत गेल्याच नव्हत्या. गाठोडं बघून म्हणाल्या, "कपडे नाय गो जळले आमचे. बाग जळली." मी पत्रक पुढे केलं. "आता इस्तवाचं वाचत बसू काय?" त्यांनी ते घडी घालून चुलीशी ठेवलं.

संध्याकाळी ग्रामदेवीच्या देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं. वाडीची, गुरांची, जळल्या झाडांची नावं घेत तो देवीला सांगत होता, आणि प्रत्येक मागण्यावर सगळे एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणत होते. शेवटी आम्हा मुलींकडे हात करून तो म्हणाला, "लांबून आलेल्या ह्या चेडवांच्या हाताला यश दे." सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. माझे ओठ मिटलेलेच राहिले.

सकाळी मी ठरवलं, मेलेली झाडं कापून जागा मोकळी करायची, म्हणजे नवी लागवड करता येईल. काकूंना विचारलं तर त्यांनी न बघताच मान डोलावली. पहिलं कलम मी पार जमिनीलगत कापलं. दुसऱ्याला करवत लावली, तेवढ्यात बंदराकडच्या पायवाटेने एक म्हातारे चाचा वर आले. लुंगी, डोक्याला जाळीची टोपी, हातात पाण्याचा कॅन.

"करवत खाली ठेव, बेटी."

त्यांनी खोडाच्या बुडाशी नखाने साल खरवडली. आत हिरवं. मी आनंदाने ओरडणारच होते.

"तिथं काय बघतेस? ते रायवळ, ते जगनारच." गुडघ्याएवढ्या उंचीवर, जिथे रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधली होती, तिथे जुन्या जखमेसारखी गाठ होती. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "सांध्याच्या वर बघ. हापूस तिथं हाय." वर नख फिरवलं. तपकिरी. पुन्हा तपकिरी. मग दोऱ्याएवढी हिरवी रेघ.

"खोडाला शेणमाती लिंपा, बुडाशी पेंढा पसरा, पानी घाला. झालं तुमचं काम."

"आणि नाही जगलं तर?"

"ते तुला कोन इचारतोय?"

कॅनमधलं पाणी त्या झाडाच्या बुडाशी ओतून ते आले तसे उतरून गेले. मी कापलेल्या बुंध्याकडे त्यांनी पाहिलं होतं.

मी नवं पत्रक लिहिलं, चार ओळींचं, आणि एका मैत्रिणीबरोबर वडिलांच्या छापखान्यात पाठवलं. कपडे आणू नका, हंडा आणा. येताना आपला शिधा आणा. वाडीला विचारल्याशिवाय काही तोडू नका. जमेल तेवढे दिवस राहा. माणसं येत राहिली. खालच्या विहिरीपासून बागेपर्यंत हंडे हातोहात चढत. फुटक्या मडक्यांना भोकं पाडून, त्यांत चिंधी ओवून आम्ही ती झाडांच्या बुडाशी ठेवली. पाणी थेंबाथेंबाने झिरपत राही. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः शेणाची पाटी घेऊन बागेत आल्या. त्या आठवड्यात देवळात गाऱ्हाणं चालू असताना कुणाचा तरी आवाज फार जवळून ऐकू आला. तो माझाच होता. व्हय म्हाराजा.

वैशाखात सांध्यांच्या वर तांबूस कोंब आले. सगळ्या झाडांना नाही, पण पुष्कळांना. मी कापलेल्या बुंध्यालाही फुटवा आला, अर्थात खालून, रायवळाचा. मी त्याच्यापाशी मान खाली घालून बसले होते. काकू म्हणाल्या, "हा तुजा. हापूस नाय येयाचा हेच्यावर. लोनच्याला होईल."

चाचांना शोधायला मी नाट्याच्या बंदरावर गेले होते. तिथली माणसं हसली. तसले म्हातारे आमच्याकडे घरटी एक आहेत, म्हणाली. ते कोण होते, त्याच सकाळी तिथे कसे आले, याचा जाब मी कुणाला विचारत नाही. हंडा उचलणं माझ्याकडे होतं, वर काय फुटेल ते कधीच नव्हतं. हे कळलं तेव्हा किती हलकं वाटलं, ते मला सांगता येत नाही.

दर उन्हाळ्यात मी माझ्या रायवळाला पाणी घालायला जाते. गेल्या वर्षी त्याला पहिल्या कैऱ्या लागल्या. काकूंनी लोणच्याची बरणी भरून दिली. फार आंबट आहेत, आणि मी रोज जेवताना हात जोडून एक फोड घेते.