खिशात कांदा, जळगावचं ऊन

नाशिकहून एसटी सुटली आणि मी खिडकीची काच सरकवली. भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तशी झळ आत आली, म्हणून ती मुकाट्याने परत लावली. आखाजी (खानदेशातली अक्षय्य तृतीया) तोंडावर आली होती आणि निम्मी बस माहेरी निघालेल्या बायकांनी भरली होती. पिशव्या, डबे, मांडीवर पेंगणारी पोरं. त्यांच्यात मी एकटीच पळण्याचे बूट घालून बसले होते.

रविवारी पहाटे जळगावात शहर दौड होती आणि मी एकवीस किलोमीटरला नाव दिलं होतं. ऑफिसातल्या लोकांनी यथेच्छ टिंगल केली. जळगावात, उन्हाळ्यात, छप्पन्नाव्या वर्षी? मी सांगितलं, पहिलं यायला कोण चाललंय, मजेसाठी पळायचंय. ते खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं. जळगाव माझं गाव. गेल्या वर्षी आई गेली, भावाने घर विकून टाकलं आणि तो बंगळूरला निघून गेला. ही पहिली आखाजी, जेव्हा मला जायला घर नव्हतं. दौडीच्या निमित्ताने तरी गावात पाऊल पडेल आणि गाव मला अजून ओळखतं का ते कळेल, एवढाच मनातला हेतू होता.

शेजारी शिंदखेड्याची एक बाई होती. तिने विचारलं, "तुनं माहेर कोठे शे, ताई?" मी जळगाव सांगितलं. सासर कोणतं, तर म्हटलं लग्न केलं नाही. ती जरा घोटाळली आणि मग तिने मला कुरडई दिली. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. सासर नसलेल्या बाईला माहेर तरी कुठून येणार? घर असतं तोवर घर असतं, इतकंच. धुळ्याच्या स्टँडवर तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता, तिचा मुराळी (लेकीला न्यायला येणारा माहेरचा माणूस). तिने पिशवी त्याच्या हातात टाकली आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला तिचा हेवा वाटला. सरळ हेवाच.

जळगावात उतरून मी लॉज गाठला. काउंटरवरच्या गृहस्थांनी अगत्याने विचारलं, जळगावला पहिल्यांदाच का? मी हो म्हणून टाकलं. संध्याकाळी जवळच्या खानावळीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं ते बरंच झालं, वेगळं कारण शोधावं लागलं नाही. आमच्या गल्लीकडे जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गेले नाही.

पहाटे मैदानावर चांगली गर्दी होती. ढोलताशा, एकसारख्या टीशर्टमधली कुटुंबं, एकमेकांचे फोटो काढणारे मित्र. मला माझा फोटो कुणी काढावा असं वाटत होतं, पण कुणाला सांगायला जीभ रेटेना. ट्रॅकपँटच्या खिशात एक कांदा होता. ऊन लागू नये म्हणून आई उन्हात निघताना प्रत्येकाच्या खिशात कांदा कोंबायची. आता कोंबणारी कुणी नाही, म्हणून खानावळीतून मीच मागून घेतला होता. सुरुवातीच्याच रेटारेटीत तो खिशातून निसटला आणि रस्त्यावर गडगडत गेला. एका तरुणाने पळता पळता तो उचलून, "काकू, तुमचा कांदा," म्हणत माझ्या हातात दिला आणि हसत पुढे निघून गेला. पहिल्या दोन तासांत माझ्याशी कुणी बोललं ते एवढंच.

मेहरुण तलावापर्यंत वारा होता. तलावाच्या कडेने पळताना पाण्यावर बगळे दिसले आणि जिवाला बरं वाटलं. पुढे एका पाण्याच्या टेबलावर केळी आणि गूळ ठेवला होता. मी निवांत उभी राहून केळं खाल्लं, कारण घाई कुणाला होती? पण सूर्य वर आला तशी मजा उतरत गेली. डांबर तापलं. पाय उचलेनात. मागच्यांनीही मला गाठून मागे टाकलं. शेवटी स्वयंसेवकांची गाडी बाजूला आली आणि त्यांनी आदबीने विचारलं, बसता का मॅडम? मी नको म्हटलं. गाडीत बसून आपल्याच गावातून पाहुण्यासारखं जायचं माझ्या जिवावर आलं होतं. ती गाडी गेल्यावर रस्त्यावर मी एकटी उरले.

शेवटचा थोडा रस्ता जुन्या वस्तीतून होता. एका मोठ्या कडुनिंबाला झोका बांधलेला होता. आखाजीला आलेल्या लेकींसाठी आमच्याकडे असे झोके बांधतात. लहानपणी, आणि मोठी झाल्यावरही, मी ते झोके ढकलले आहेत. शेजारच्या, चुलत, मावस, सगळ्या माहेरवाशिणींना मी उंच चढवायचे. मी सासरी गेलेच नव्हते, म्हणून येण्याचा मान मला कधी मिळाला नाही. हा झोका रिकामाच होता. त्याच्या शेजारी खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिने कपाळावर हात आडवा धरून मला पाहिलं आणि ती ताडकन उठली.

"उनी का वं बाई? बस सापडनी नही का?"

आलीस का, असं ती विचारत होती. आखाजीच्या उन्हात एखादी बाई लाल तोंडाने चालत येते म्हणजे ती बस चुकलेली कुणाची तरी लेकच, हे तिने गृहीतच धरलं होतं. छातीवरचा नंबर तिच्या लेखी काहीच नव्हता. मी जवळ गेले तेव्हा तिला चूक कळली. पण तिने मला सोडलं नाही, हाताला धरून झोक्यावर बसवलं आणि माठातलं पाणी दिलं. बसताना खिशातला कांदा टोचला, म्हणून मी तो बाहेर काढला. तिने कांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठलीच शे तू," ती म्हणाली. आठली म्हणजे इथली.

मी मान हलवली आणि मला रडू आलं. तिची मुलगी सुरतेला असते, यंदा तिला सुट्टी मिळाली नाही, झोका मात्र सवयीने बांधला, असं ती आपणहून सांगत होती आणि सांगता सांगता तो हळूहळू ढकलत होती. मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झोक्याला दुसऱ्याचा हात होता.

थोड्या वेळाने मी उठले आणि मैदानाकडे जायचंय असं सांगून म्हातारीचा निरोप घेतला; एव्हाना मी त्यांना अक्का म्हणू लागले होते. अक्कांनी चपला सरकवल्या, एका कागदात दोन सांजोऱ्या बांधून माझ्या हातात दिल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

"माहेरनी वाट शे. एकली नको जाऊ. चाल, मी येस."

आम्ही दोघी त्या तापलेल्या रस्त्याने चाललो. माझ्यापेक्षा त्यांचाच पाय झपाट्याने पडत होता. मैदानावर दौड संपण्याची कमान उतरवायला घेतली होती, एका बाजूचा दोर सुटलेला होता. अक्कांनी लांबूनच हात वर केला.

"थांब रे भाऊ, आंडेर येई राहिनी!" आंडेर म्हणजे लेक.

दोर सोडणारा माणूस खरोखर थांबला. त्याने कमानीचा तो कोपरा हाताने वर उचलून धरला आणि आम्ही दोघी खालून वाकून गेलो. बांधून ठेवलेल्या खोक्यातून एका मुलीने पदक काढलं. ते अक्कांनी तिच्याकडून घेतलं, माझ्या गळ्यात घातलं आणि हार नीट करावा तसं मधोमध आणलं. मग ऊन फार झालं म्हणत त्या आल्या वाटेने परत निघाल्या. अक्का त्यांच्या कडुनिंबाखाली पोचेपर्यंत मी तिथेच उभी होते.

दुपारी परतीच्या बसने धुळ्यात उतरले. जळगावकडे जाणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या होत्या, नाशिकची गाडी जवळपास रिकामी. गाडी सुटायची वाट पाहत बाकावर बसून सांजोरी खाल्ली. शेजारच्या बाईला माझं उलटं जाणं चमत्कारिक वाटलं. तिने विचारलं, आखाजीच्या आधीच परत? आणि पोचवायला कुणी आलं नाही का?

"आल्या होत्या ना," मी म्हटलं, "चालत आल्या होत्या."

रात्री नाशिकच्या घराचं कुलूप उघडलं. आतला अंधार नेहमीचाच होता आणि फोनवर कुणाचाही निरोप नव्हता. एकटेपणा काही एका झोक्याने जात नाही, मी तेवढी भाबडी नाही. पण पदक खुंटीला अडकवताना ध्यानात आलं की इतक्या वेळात अक्कांनी मला माझं नाव विचारलंच नव्हतं. मग वाटलं, बरोबरच आहे. माहेरी आलेल्या लेकीला नाव कोण विचारतं?